खाडीकाठच्या चिखलात एकाच पाइलवर उभा फलक: आडव्या भाराचा हिशेब कसा करावा?

घणसोलीकर_अभियंता

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यातील एका लहानशा स्ट्रक्चरल कार्यालयात काम करतो आणि या धाग्यावर भूतंत्रज्ञ मंडळींचा सल्ला मागतो आहे. घणसोलीत, रेल्वे रुळांच्या खाडीकडच्या बाजूला असलेल्या एका व्यापारी संकुलाच्या आवारात एकखांबी फलक उभा करायचा आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले, तेव्हापासून अशा कामांची छाननी आपल्याकडे कडक झाली आहे, आणि ती व्हायलाच हवी. त्यामुळे पायाचा हिशेब मला स्वतःला नीट समजल्याखेरीज सही करायची नाही, असे मी ठरवले आहे.

फलक ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे, त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे १० मीटरवर येतो. वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला, त्यावरून दाब १.१६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर येतो. आकाराचा गुणांक १.५ घेतला आणि खांबावरचा वारा मिळवला की आडवा भार साधारण ६० किलोन्यूटन आणि जमिनीच्या पातळीवरचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) ६०० किलोन्यूटन-मीटर होतो. उभा भार त्या मानाने नगण्य आहे.

बोअर लॉग, म्हणजे भोक पाडून नोंदवलेले मातीचे थर, असा आहे: वर २ मीटर मुरमाची भरणी, त्याखाली ९ मीटर खोलीपर्यंत काळसर निळा मऊ चिखल, मग २ मीटर झिजलेला खडक आणि ११ मीटरपासून पक्का काळा दगड. मी १ मीटर व्यासाची, एम ३० काँक्रीटची, १२.५ मीटर लांबीची एकच पाइल (जमिनीत भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब) योजली आहे, म्हणजे पक्क्या दगडात दीड मीटर सॉकेट (दगडात रोवलेला भाग) मिळते.

अडचण पुढे आहे. आमच्या कार्यालयात इमारतींच्या कामांसाठी वापरतात ते आयएस २९११ या पाइलविषयक भारतीय मानकाच्या परिशिष्टावर बेतलेले तयार गणनपत्रक मी वापरले. भरणीत एसपीटीचा (हातोड्याच्या ठोक्यांनी मातीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा, म्हणजे एन, १५ च्या आसपास होता, म्हणून मातीच्या ताठपणाचा गुणांक २.५ मेगान्यूटन प्रति घनमीटर धरला. त्यावरून टी ही, पाइल आणि माती यांच्या सापेक्ष ताठपणाची, लांबी ३.५ मीटर आली आणि जमिनीच्या पातळीवर पाइल १४ मिलिमीटर सरकेल असे उत्तर मिळाले. तपासणी सल्लागारांनी कागद परत पाठवले आणि समासात एवढेच लिहिले की, 'चिखल कुठे गेला?' मी तो गुणांक चिखलासाठी ०.३५ धरून पाहिला, तर टी ५.२ मीटर झाली आणि सरकणे ३५ मिलिमीटर. आमच्या कार्यालयातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, खाली काळा दगड आहे, पाइल त्यात रोवली आहे, मग एवढी चिंता कशाला? कोणते उत्तर खरे मानावे?

मुरूम_आणि_माती

आपण प्रश्न तपशिलासह मांडला याबद्दल प्रथम आभार. मी चाळीसएक वर्षे याच पट्ट्यात, कळव्यापासून उलव्यापर्यंत, मातीच्या चाचण्या आणि पायांचे सल्ले हेच काम केले, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा एक गोंधळ दूर करतो. अमेरिकन पुस्तकांत ज्याला 'ड्रिल्ड पिअर' किंवा 'ड्रिल्ड शाफ्ट' म्हणतात, ती आपली बोअर्ड कास्ट-इन-सीटू पाइलच असते, फक्त सहसा व्यासाने मोठी आणि बहुधा एकेकटी. आपल्याकडे पिअर म्हटले की पुलाचा जमिनीवरचा खांब समजला जातो. तेव्हा त्या पुस्तकांतील पद्धती वाचताना बिचकू नये, भौतिकी एकच आहे.

आता आपल्या ज्येष्ठांच्या म्हणण्याकडे येऊ. 'खाली दगड लागला' हे वाक्य उभ्या भारासाठी बहुतेक वेळा पुरेसे असते, कारण उभा भार खाली जाऊन दगडावर टेकतो. आडवा भार मात्र वरच्या मातीशी झुंजतो. पाइल वरून ढकलली जाते, वरचे चार-पाच मीटर सर्वांत जास्त हलतात आणि प्रतिकारही त्यांनाच आधी करावा लागतो. म्हणून ज्या थराला आपण उभ्या भाराच्या हिशेबात 'याचे काही धरू नका' म्हणून सोडून देतो, तोच थर इथे मुख्य होऊन बसतो. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर नेमका तोच थर सर्वांत वाईट आहे. खाजणांवर आणि मिठागरांवर भरणी टाकून तयार झालेल्या जमिनीत वर कडक पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा चिखल, अशीच रचना वारंवार मिळते.

टी म्हणजे पाइलच्या ताठपणाला मातीच्या गुणांकाने भागून काढलेले पाचवे मूळ. पाचवे मूळ असल्यामुळे मातीचा गुणांक सातपट बदलला तरी टी दीडपटच बदलते, आणि त्यामुळे अनेकांना वाटते की, इथे अचूकतेची फारशी गरज नाही. परंतु सरकणे टीच्या वर्गावर आणि घनावर चालते. आपलेच आकडे पाहा: टी ३.५ वरून ५.२ वर गेली आणि सरकणे १४ वरून ३५ झाले.

याहून मोठी गोष्ट आपल्या गणनपत्रकात दडलेली आहे. परिशिष्टातील स्थिरता-खोलीचा आलेख आणि त्यावरून मिळणारा समतुल्य कँटिलिव्हर (एका टोकाशी घट्ट धरलेला खांब) हे लांब, लवचिक पाइलसाठी आहेत, म्हणजे जिची जमिनीतील लांबी किमान चार टी आहे. टी ५.२ असेल तर चार टी म्हणजे जवळजवळ २१ मीटर. आपली पाइल १२.५ मीटरची, म्हणजे सुमारे २.४ टी. दोन टीच्या खाली असती तर ती आखूड आणि ताठ ठरली असती; आपली पाइल त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडते, जिथे कोणताही तयार आलेख सरळ लागू होत नाही. इमारतींच्या कामांत पाइल २०-२५ मीटर लांब असते आणि व्यास ६०० मिलिमीटर, तेथे ते पत्रक बरोबर उत्तर देते. इथे त्याला तो प्रश्नच कळलेला नाही.

आता दगडाचे खरे काम सांगतो. रीझ आणि मॅटलॉक यांनी १९५६ मध्ये दिलेले मितीरहित (एकक नसलेले) गुणांक वापरले तर टी ३.५ असताना ११ मीटर खोलीवर, म्हणजे तीन टीच्या आसपास, मोमेंट ८० किलोन्यूटन-मीटरच्या जवळ उरतो. माती चांगली असेल तर दगडापर्यंत काही पोहोचतच नाही. टी ५.२ असताना त्याच खोलीवर, दोन टीच्या सुमारास, ४०० च्या आसपास किलोन्यूटन-मीटर शिल्लक असतो. याचा अर्थ असा की, चिखल जितका वाईट, तितका दगडाचा सहभाग अधिक. आपल्या ज्येष्ठांना दगड आठवतो तो बरोबरच आहे, परंतु दगड मदतीला येतो तेव्हा तो मदतीची किंमतही वसूल करतो. तो ४०० चा मोमेंट दीड मीटरच्या सॉकेटमध्ये शून्यावर यायचा असेल, तर सॉकेटच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकमेकांविरुद्ध आडवी बले उभी राहतात. त्यांच्यातील अंतर एक मीटर धरले तर प्रत्येक बल ४०० किलोन्यूटनच्या आसपास जाते. वर वारा ६० किलोन्यूटनने ढकलतो आहे आणि खाली सॉकेटमध्ये शिअर (आडवे कापू पाहणारे बल) त्याच्या सहा-सातपट आहे! आणि आपल्या साइटवर रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या) कुठे विरळ केल्या जातात? खालच्या टोकालाच.

कळव्याचा_विद्यार्थी

मुरूम_आणि_माती सर, मी स्नातकोत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षात आहे. दोन शंका आहेत. एक, वर्गात आम्हाला ब्रॉम्सची पद्धत शिकवली. ती इथे का वापरू नये? दोन, मानकात चिखलाची एकअक्षीय दाबशक्ती २५ किलोपास्कलच्या खाली असेल तर गुणांक शून्य धरावा, म्हणजे आडवा प्रतिकार नाहीच असे समजावे, अशी टीप आहे. मग खाडीत पाइल मुळी उभ्याच कशा राहतात?

मुरूम_आणि_माती

चांगल्या शंका आहेत.

ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये चिकणमाती आणि वाळू यांसाठी दोन स्वतंत्र लेख लिहिले. त्यांची पद्धत मुख्यतः अंतिम शक्ती सांगते, म्हणजे पाइल माती फाडून केव्हा उलटेल ते. चिकणमातीत ते वरचा दीड व्यास सोडून देतात आणि त्याखाली प्रतिकार नऊ गुणिले मातीची शिअर शक्ती गुणिले व्यास एवढा धरतात. समजुतीसाठी भरणी विसरून जमिनीपासूनच चिखल आहे असे मानू आणि त्याची शिअर शक्ती १५ किलोपास्कल घेऊ. प्रत्येक मीटरला प्रतिकार १३५ किलोन्यूटन. ६० चा भार अडीचपट करून १५० धरला, तर सर्वाधिक मोमेंट १,८०० च्या आसपास येतो आणि तो पेलण्यासाठी जमिनीत सुमारे १० मीटर लांबी लागते. म्हणजे दगड नसता तरी १२.५ मीटरची पाइल ब्रॉम्सच्या कसोटीला उतरते.

पण उलटणार नाही याचा अर्थ कलणार नाही असा होत नाही. १९७० मध्ये मॅटलॉक यांनी मऊ चिकणमातीसाठी पी-वाय वक्र, म्हणजे मातीचा प्रतिकार आणि पाइलचे सरकणे यांचे आलेख, मांडले. त्यांत मातीचा निम्मा प्रतिकार जागा होण्यासाठी लागणारे सरकणे व्यासाच्या अडीचपटीला एका विकृती-मूल्याने गुणून काढतात. मऊ चिखलासाठी ते मूल्य ०.०२ धरले तर १ मीटर व्यासाच्या पाइलला ५० मिलिमीटर सरकल्यावर कुठे निम्मा प्रतिकार मिळतो. ब्रॉम्सच्या सूत्रात मातीने पूर्ण जोर लावला आहे असे गृहीत असते, आणि तो जोर लावेपर्यंत आपला फलक रस्त्यावरून जाणाऱ्याला डोळ्यांनी वाकडा दिसू लागलेला असतो.

दुसऱ्या शंकेबद्दल: ती टीप शहाणपणाची सावधगिरी आहे. २५ किलोपास्कलच्या खालचा चिखल प्रत्यक्षात काहीच प्रतिकार करत नाही असे नाही, परंतु त्यावर भरवसा ठेवून पायाचा आराखडा करू नये. अशा ठिकाणी पाइल म्हणजे दगडात रोवलेला आणि वर मोकळा उभा असलेला खांब समजून हिशेब करावा. एकअक्षीय दाबशक्ती म्हणजे शिअर शक्तीची दुप्पट; आपल्या विषयातील चिखलाची शिअर शक्ती १५ आहे की १०, यावर गुणांक मानकाच्या तक्त्यात बसतो की शून्य होतो हे ठरते, आणि घणसोलीकर यांच्या अहवालात तो आकडा कोणत्या चाचणीवरून आला हेच मला दिसत नाही.

घणसोलीकर_अभियंता

आकडा एसपीटीवरून काढलेला आहे. चिखलात एन ० ते २ असे नोंदवले आहे.

मुरूम_आणि_माती

मग तो आकडाच नाही. अशा चिखलात हातोडा ठेवल्यावर दांडा स्वतःच्या वजनानेच खाली जातो, आणि एन शून्य की दोन हे चाचणी घेणाऱ्या कामगाराच्या हातावर अवलंबून असते. आयएस ४४३४ प्रमाणे जागेवरच व्हेन शिअर चाचणी (चिखलात पाती फिरवून त्याची शिअर शक्ती मोजणे) करून घ्यावी, दर दीड मीटरला एक, भरणीच्या तळापासून झिजलेल्या खडकापर्यंत. दगडात आणखी तीन मीटर कोअर (दगडाचा नमुना) काढायला जेवढा खर्च येतो, त्यातच हे होऊन जाईल. आपले ग्राहक दगडाच्या कोअरच्या पेट्या बघून खूश होतात. चिखलाच्या चाचणीचा कागद कोणी मागत नाही.

रिगवाला_ऐरोली

मी पाइलिंगचा ठेकेदार आहे. हिशेबात पडत नाही, पण साइटवरच्या काही गोष्टी इथे लिहून ठेवणे गरजेचे वाटते, कारण आडव्या भाराच्या पाइलमध्ये आणि इमारतीच्या पाइलमध्ये आमची माणसे काही फरक करत नाहीत.

सरांनी जो मोमेंट सांगितला तो जमिनीखाली साडेतीन-चार मीटरवर सर्वांत जास्त असतो, बरोबर? ती जागा ऐन चिखलातच येते. आणि आमच्या अनुभवात पाइल आखडते तीही तेथेच, कारण मऊ चिखल भोकाच्या आत सरकत येतो आणि काँक्रीटला जागा देत नाही. म्हणून लायनर (भोकाला आतून आधार देणारी पत्र्याची नळी) भरणीपुरता न घालता चिखल संपेपर्यंत, झिजलेल्या खडकात थोडा रुतेपर्यंत घालावा. लायनर कायमचा ठेवला तरी हिशेबात त्याच्या पत्र्याची शक्ती धरू नये, खाडीच्या पाण्यात तो गंजतो.

दुसरे, भोक ढासळू नये म्हणून त्यात भरतात ते बेंटोनाइट मातीचे द्रावण. खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट फाटते, म्हणजे गुठळ्या होऊन खाली बसते. टँकरचे गोडे पाणी वापरायचे असे कागदावर असते, पण दुपारी टँकर आला नाही की बाजूच्या खड्ड्यातले पाणी ओढले जाते. हे मी स्वतः थांबवलेले आहे आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत.

तिसरे, केज, म्हणजे सळयांचा पिंजरा. उभ्या भारासाठी केज खाली अर्ध्यात संपवली तरी चालते असे मानणारे आराखडे आम्हाला येतात. इथे ते चालणार नाही असे सरांच्या हिशेबावरून दिसते, कारण मोमेंट दगडापर्यंत जातो. केज पूर्ण लांबीची हवी आणि ती भोकाच्या मध्यभागी राहण्यासाठी काँक्रीटचे गोल चाकासारखे कव्हर ब्लॉक हवेत. चौकोनी ब्लॉक केज उतरवताना तुटून पडतात. एका बाजूला केज चिकटली तर त्या बाजूचे कव्हर गेले आणि दुसऱ्या बाजूची ताकदही गेली.

आणि ट्रेमीने (तळापर्यंत जाणाऱ्या नळीने) ओतताना काँक्रीटची स्लंप (प्रवाहीपणाचे माप) १५० ते १८० मिलिमीटर हवी, हे सर्वांना ठाऊक असते, पण सळया दाट झाल्या की तेही कमी पडते. सळ्यांमध्ये १०० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा अशी विनंती आहे. डिझायनर मंडळी खोलीतल्या एसीत बसून २८ सळया टाकतात आणि मग काँक्रीट केजच्या आतच उभे राहते.

सळईचा_हिशेब

रिगवाला यांचा शेवटचा टोमणा मान्य करून सळयांचे गणित मांडतो.

टी ५.२ धरल्यास सर्वाधिक मोमेंट सुमारे ७५० किलोन्यूटन-मीटर येतो. दीडपट केला की १,१२५. उभा भार जवळपास नाही, म्हणजे पाइलला दाबाचा आधार मिळत नाही आणि हा अगदी शुद्ध वाकण्याचा प्रश्न उरतो. १ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार छेदाला मानकातील किमान ०.४ टक्के लोखंड म्हणजे २० मिलिमीटरच्या १० सळया होतात. त्या येथे अगदीच अपुऱ्या आहेत. माझ्या ढोबळ हिशेबाने एक टक्क्याहून थोडे अधिक, म्हणजे २५ मिलिमीटरच्या १८ सळया लागतील. कव्हर ७५ मिलिमीटर ठेवूनही त्यांच्यामध्ये ११० मिलिमीटरहून थोडी अधिक मोकळी जागा राहते, तेव्हा रिगवाला यांनी निर्धास्त राहावे. किमान टक्केवारी ही उभ्या भाराच्या पाइलसाठी लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की, अशा पाइललाही तीच लावलेली मी पाहिली आहे.

आणखी एक मुद्दा कोणी मांडला नाही. वरचे सगळे सरकणे काँक्रीटला भेग पडलेली नाही असे मानून काढलेले आहे. १ मीटर व्यासाच्या एम ३० पाइलला सुमारे ३७५ किलोन्यूटन-मीटरला पहिली भेग पडते. आपला मोमेंट त्याच्या दुप्पट आहे. भेगा पडल्यावर ताठपणा निम्मा धरला तर घणसोलीकर यांचे ३५ मिलिमीटर ५० च्या आसपास जातात. म्हणजे एकाच पाइलसाठी या धाग्यावर आतापर्यंत १४, ३५ आणि ५० अशी तीन उत्तरे आली, आणि तिन्ही गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत.

नेरूळवासी_स्ट्रक्चर्स

इतका काथ्याकूट कशासाठी? एक आडवी भार चाचणी घ्यावी आणि मोकळे व्हावे. आयएस २९११ च्या चौथ्या भागात स्पष्ट आहे: १२ मिलिमीटर सरकण्याच्या भाराचा निम्मा, किंवा ५ मिलिमीटरचा भार, यांतील कमी तो सुरक्षित भार. ५ मिलिमीटरच्या वर गेलेली पाइल नापास. ५० मिलिमीटरची चर्चाच होऊ शकत नाही.

मुरूम_आणि_माती

नेरूळवासी यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे म्हणून थोडे थांबून उत्तर देतो.

चाचणीची ती कसोटी पाइलच्या डोक्यावर केवळ आडवा भार लावून पाहण्यासाठी आहे. जॅक कट-ऑफ पातळीवर, म्हणजे पाइलच्या डोक्याशी, ठेवला जातो. आपल्या फलकाचा भार १० मीटर उंचीवर आहे आणि सरकण्याचा मोठा भाग त्या मोमेंटमुळे येतो. ३५ मिलिमीटरपैकी सुमारे २० मिलिमीटर केवळ मोमेंटचे आहेत. जॅकने ६० किलोन्यूटन लावून मिळालेला आकडा या पाइलचे अर्धेच दुःख सांगेल. त्या चाचणीचा खरा उपयोग असा की, भार आणि सरकणे यांचा वक्र मिळतो, त्यावरून मातीचे पी-वाय वक्र सुधारून घेता येतात आणि मग मोमेंटसह पुन्हा हिशेब करता येतो. दोन पाइल एकमेकींपासून दूर ढकलत चाचणी केली तर वेगळ्या आधाराचा खर्चही लागत नाही.

५ मिलिमीटर ही मर्यादा इमारतीच्या पाइलसाठी योग्य आहे. त्याच भागात कामाच्या गरजेप्रमाणे ठरवलेल्या दुसऱ्या कोणत्याही सरकण्याची मुभाही दिलेली आहे. फलकाला जमिनीवर २०-२५ मिलिमीटर चालू शकतील. पण ते कोणी ठरवायचे, तर ग्राहकाने आणि डिझायनरने, आधी, लेखी. आणि जमिनीवरच्या सरकण्यापेक्षा मला कलण्याची चिंता अधिक आहे. टी ५.२ असताना पाइलच्या डोक्याचा कल ०.००६ रेडियन येतो. १० मीटर उंचीवर तो ६० मिलिमीटर होतो, त्यात ३५ मिळवा, म्हणजे पोलादी खांबाचे स्वतःचे वाकणे सोडून केवळ पायामुळे फलकाचा मध्य ९५ मिलिमीटर झुकेल.

वारा एकदा येऊन जात नाही, हेही आहे. पावसाळ्यात तो महिनोन्महिने मागे-पुढे ढकलतो. मऊ चिखलात पाइलभोवती फट पडते आणि पुनरावृत्त भाराखाली मातीचा प्रतिकार घटतो. मॅटलॉक यांनी तो अंतिम मूल्याच्या ०.७२ पर्यंत मर्यादित केला आहे, आणि वरच्या थरांत त्याहूनही कमी.

भरणीबद्दल मी अद्याप बोललो नाही. ती २ मीटरची कडक पापडी जागेवर राहिली तर सरकणे ३५ आणि १४ यांच्या मधे कुठेतरी येईल, आणि मला वाटते १४ पेक्षा ३५ च्या जवळ. पण ती जागेवर राहील याची हमी कोण देणार? नवी मुंबईत रस्त्याकडेला दर दोन-तीन वर्षांनी कोणती ना कोणती वाहिनी टाकण्यासाठी दीड मीटर खोल चर खणला जातोच. तो चर पाइलला लागून गेला की वरचा प्रतिकार गेला आणि भाराची उंचीही दीड मीटरने वाढली. त्यामुळे वरचा दीड मीटर मी हिशेबात धरतच नाही, आणि ही सवय मला एका जुन्या कामातल्या फजितीनंतर लागली, ती कथा येथे नको.

कळव्याचा_विद्यार्थी

सर, चर खणणे समजले. पण बाजूला माती टाकली तर चांगलेच ना? भरणी वाढेल.

मुरूम_आणि_माती

उलट, ते सर्वांत धोकादायक आहे. मऊ चिखलावर एका बाजूला मातीचा ढीग टाकला की खालचा चिखल आडवा सरकतो आणि पाइलला ढकलू लागतो. अशा वेळी माती प्रतिकार न करता स्वतःच भार होते. २७ जून २००९ रोजी शांघायमध्ये एक नवी १३ मजली इमारत जवळजवळ अखंड अवस्थेत आडवी पडली. एका बाजूला भूमिगत वाहनतळासाठी ४.६ मीटर खोल खोदले होते आणि ती माती दुसऱ्या बाजूला १० मीटर उंचीपर्यंत रचून ठेवली होती. आडव्या दाबाने पाइल तुटल्या. नवी मुंबईत अशी दृश्ये रोज दिसतात, सुदैवाने इमारतींच्या पायथ्याशी क्वचितच. घणसोलीकर, तुमच्या नकाशावर फलकापासून १५ मीटरपर्यंत माती किंवा डबर टाकू नये अशी टीप घाला. कोणी वाचेल की नाही हे वेगळे.

घणसोलीकर_अभियंता

सर्वांचे मनापासून आभार. या दोन आठवड्यांत झालेले सांगतो.

ग्राहकांना व्हेन शिअर चाचणीसाठी तयार केले. वाद झाला, पण चाचणी झाली. भरणीच्या खाली लगेच १९ किलोपास्कल, मध्यात ११ आणि झिजलेल्या खडकाजवळ १६ असे आकडे मिळाले. मध्यातला ११ म्हणजे एकअक्षीय दाबशक्ती २२, मानकाच्या २५ च्या खाली. त्यामुळे मधले साडेतीन मीटर मी आडव्या प्रतिकारासाठी शून्य धरले आणि वरचा दीड मीटर मुरूमही सोडला. एकट्या पाइलचा हिशेब त्यानंतर कोणत्याही मर्यादेत बसेना.

पी-वाय पद्धतीने थरांप्रमाणे स्प्रिंग ठेवून, भेगाळलेल्या ताठपणासह पुन्हा चालवले. व्यास १.२ मीटर करूनही कल पुरेसा कमी होईना. व्यास वाढवला की टीही वाढते आणि अधिक मोमेंट दगडात जातो, हे माझ्या ध्यानात आधी आले नव्हते.

मुरूम_आणि_माती

व्यास वाढवण्याच्या मागे लागू नका. एका पाइलवर ६०० चा मोमेंट टाकून मातीशी कुस्ती खेळण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेत एकीमागे एक अशा दोन पाइल घ्या, ८०० मिलिमीटरच्या, केंद्रांतील अंतर ३ मीटर, वर दोन्हींना जोडणारी जाड काँक्रीटची कॅप. मग तो मोमेंट वर-खाली ओढण्याच्या जोडीत बदलतो: ६०० भागिले ३, म्हणजे एका पाइलवर २०० किलोन्यूटन दाब आणि दुसरीवर तितकेच उपसणे, शिवाय कॅपच्या जाडीमुळे थोडे अधिक. हा उभा भार तुमचा काळा दगड आनंदाने घेईल, आपल्या ज्येष्ठांचाही मान राहील. आडवा भार प्रत्येक पाइलला ३० किलोन्यूटन उरतो आणि डोके कॅपने घट्ट धरलेले असते. मागची पाइल पुढच्या पाइलच्या सावलीत येते, तेव्हा तिच्या मातीचा प्रतिकार पूर्ण धरू नका. व्यासाच्या तिप्पट अंतर असताना पुढच्या रांगेला ०.८ आणि मागच्या रांगेला ०.४ असे गुणक अमेरिकन पूल-मानकात आहेत, तुमचे अंतर त्याहून थोडे जास्त आहे. उपसण्यासाठी सॉकेटचे घर्षण आणि केज कॅपमध्ये पुरेशी रोवली आहे ना, हे दोन्ही तपासा. फलकाच्या रुंदीच्या दिशेने वारा कमी असला तरी पिळाचा मोमेंट तपासायला विसरू नका, कारण वारा फलकाच्या मध्यावर बरोबर बसत नाही.

घणसोलीकर_अभियंता

तसेच केले. दोन पाइल आणि १.२ मीटर जाडीची कॅप घेतल्यावर कॅपच्या पातळीवरचे सरकणे ९ मिलिमीटर आले आणि कल पूर्वीच्या पाचव्या हिश्शावर. तपासणी सल्लागारांनी या वेळी समासात फक्त बरोबरची खूण केली. सळया पूर्ण लांबीच्या आणि सॉकेटमध्ये रिंगा १५० मिलिमीटरवर ठेवल्या आहेत. आयएस १४८९३ प्रमाणे दोन्ही पाइलची अखंडता चाचणी ठेकेदाराच्या करारात घातली.

आमच्या ज्येष्ठांनी नकाशा पाहिला आणि विचारले, एका फलकाला दोन पाइल? मी त्यांना व्हेन शिअरचा तक्ता दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि जुन्या कामांचे काही अहवाल कपाटातून बाहेर काढायला सांगितले.

रिगवाला_ऐरोली

घणसोलीकर साहेब, रिग, म्हणजे भोक पाडणारे यंत्र, येण्याआधी आवाराच्या फाटकाची कमान आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा मोजून घ्या. मागच्या वेळी अशाच एका आवारात मास्ट (रिगचा उंच खांब) पाडून रिग आत आणावी लागली आणि निम्मा दिवस गेला. आणि लायनर ९ मीटरचा सांगितला आहे तो एकसंध मिळणार नाही, जोड वेल्डिंगने करावा लागेल; तो जोड मधल्या ११ किलोपास्कलच्या पट्ट्यात येऊ देऊ नका.